बाटलीवरच्या वासराला पुन्हा पुन्हा हगवण लागते: आधी काय तपासायचं आणि डॉक्टरला कधी बोलवायचं

माय मेलेलं वासरू बाटलीवर घेतलं की पहिल्या आठवड्यात हगवण लागते. मेडिकलमधून आणलेल्या गोळीने दोन दिवस थांबते आणि तिसऱ्या दिवशी परत सुरू होते. नागपूर जिल्ह्यातल्या हिंगणा, कळमेश्वर, उमरेडकडून माझ्याकडे येणाऱ्या बिनमायच्या वासरांमध्ये सगळ्यात जास्त वेळा मी हाच त्रास निस्तरला आहे. त्यावरून माझं मत असं झालं आहे की सतत परत येणारी हगवण बहुतेक वेळा दूध पाजण्याच्या पद्धतीतून येते. ती पद्धत न सुधारता औषध दिलं तर औषध वाया जातं, आणि वासराचे महत्त्वाचे दिवसही.

त्यातही एक गोष्ट आधी लक्षात घ्या. वासराचा जीव जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने, आणि हे फार लवकर होतं. सकाळी उभं असलेलं वासरू संध्याकाळी आडवं पडलेलं सापडतं. त्यामुळे शेणाच्या रंगावर चर्चा करण्याआधी वासरू चोखतं आहे का ते पाहा. खालचे सगळे निर्णय त्यावरच घ्यायचे आहेत.

लक्षणं

हात साबणाने धुवा आणि दोन बोटं वासराच्या तोंडात घाला. तोंड गरम हवं, ओलं हवं, आणि वासराने बोटं जोरात ओढायला हवीत. मग मागून पाहा.

शेण पातळ, पिवळसर, पण वासरू उड्या मारतं, बोट जोरात चोखतं, दुधासाठी हंबरतं: हे दूध जास्त झाल्याचं, घाईने प्यायल्याचं किंवा दूध बदलल्याचं लक्षण. खालच्या पहिल्या सहा तपासण्यांत कारण सापडण्याची शक्यता मोठी आहे.

शेण करड्या मातीसारखं चिकट, आंबट वास, दूध प्यायल्यावर डावी कूस फुगते, वासरू दात खातं, अंगावरचे केस विरळ होऊ लागतात: दूध चुकीच्या पोटात जातं आहे. दुसरी तपासणी नीट वाचा.

पिताना खोकतं, नाकातून दूध येतं: निप्पलचं भोक मोठं आहे किंवा डोकं चुकीच्या उंचीवर आहे. आज आत्ता थांबवा.

शेण नुसतं पाणी, शेपूट आणि मागचे पाय माखलेले, डोळे खोल गेलेले, तोंड थंड, बोट चोखत नाही: इथे तपासण्या करत बसू नका. थेट शेवटच्या भागाकडे जा आणि फोन करा.

पहिली तपासणी: निप्पलचं भोक

याला काहीच खर्च नाही. बाटली भरून उलटी धरा. दूध थेंब थेंब पडायला हवं. धार लागली तर ते निप्पल फेकून द्या.

पुष्कळ जण वासरू लवकर प्यावं म्हणून तापलेल्या सुईने किंवा ब्लेडने भोक मोठं करतात. त्याने दोन नुकसानं होतात. वासरू गटागटा गिळतं, त्यामुळे तोंडात लाळ कमी सुटते आणि दूध पोटात एकदम जाऊन पडतं. दुसरं जास्त वाईट: गिळण्याचा वेग पुरत नाही तेव्हा दूध श्वासनळीत उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते. अशा वेळी घरच्यांना हगवण दिसत असते, पण वासरू न्यूमोनियाने जातं. वासराला पिताना मेहनत पडली पाहिजे. गाईच्या सडातूनही दूध आपोआप वाहत नाही.

दुसरी तपासणी: डोकं, मान आणि उभं राहणं

या तपासणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण वारंवार येणाऱ्या हगवणीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं आणि कुणी तिकडे पाहत नाही.

वासराला चार पोटं असतात, पण जन्मल्यावर काम करणारं पोट एकच, चौथं. दूध तिथेच गेलं पाहिजे. तिथे ते दह्यासारखं घट्ट होतं आणि हळूहळू पचतं. अन्ननलिकेच्या टोकापासून चौथ्या पोटाकडे जाणारी एक पन्हळ असते. वासरू मान पुढे ताणून चोखतं तेव्हा तिच्या कडा मिटतात, नळी तयार होते आणि दूध पहिल्या मोठ्या पोटाला टाळून पुढे जातं. ही पन्हळ मिटली नाही तर दूध मोठ्या पोटात सांडतं. तिथे ते पचत नाही, सडतं, आंबतं. मग ती मातीसारखी हगवण, ते फुगणं, तो वास.

म्हणून वासरू उभं हवं. मान पुढे आणि थोडी वर, जशी ते मायच्या कासेखाली शिरताना करतं तशी. बाटली वासराच्या खांद्याच्या उंचीच्या जरा वर धरा. डोकं मागे पाठीकडे मोडायचं नाही, त्याने दूध फुप्फुसात जातं. वासराला आडवं पाडून, मांडीवर उताणं घेऊन कधीही पाजू नका, लहान लेकरांच्या हट्टाखातरही नाही. बकेटीत तोंड बुडवून प्यायला शिकवायची घाईही नको. सुरुवातीचे आठवडे निप्पलच बरं.

जबरदस्तीने पाजल्यावरही पन्हळ नीट मिटत नाही. नवीन आणलेलं, भेदरलेलं वासरू बाटली तोंडात घेत नाही, तेव्हा आपण तोंड उघडून ओततो. तसं करू नका. भिंतीच्या कोपऱ्यात वासराचं बूड टेकवा, त्याच्या बाजूला उभे राहा, एक हात हनुवटीखाली ठेवा, आधी दुधात बुडवलेलं बोट चोखू द्या आणि बोट तोंडात असतानाच निप्पल आत सरकवा. शेपटीच्या मुळाशी खाजवलं तर पुष्कळ वासरं चोखायला लागतात, कारण माय तिथेच चाटते. पाजणारं माणूस रोज एकच ठेवा. वेळा बदलू नका.

तिसरी तपासणी: दुधाचा गरमपणा

दूध 38 ते 39 अंश सेल्सियसचं हवं, म्हणजे वासराच्या अंगाइतकं. मनगटावर थेंब टाकून पाहण्यापेक्षा थर्मामीटर वापरा. मेडिकलमधला साधा डिजिटल थर्मामीटर दुधासाठी एक आणि वासरासाठी वेगळा असा घेऊन ठेवा.

गार दुधाने वासराची ऊब त्या दुधाला गरम करण्यात खर्च होते आणि दही लागण्याची क्रिया मंदावते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास किंवा खाली उतरतो. गंजात तापवलेलं दूध कोठ्यापर्यंत नेईस्तोवर थंड होतं. बाटली जुन्या लोकरीच्या टोपीत गुंडाळून न्या.

मे महिन्यात उलटा धोका. नवतपात भर दुपारी काढून ठेवलेलं दूध बघता बघता नासतं. बाटलीत उरलेलं दूध पुढच्या वेळेला वापरू नका. ते मांजराला द्या.

चौथी तपासणी: किती आणि किती वेळा

वजन माहीत नसताना दूध देणं हा अंदाजपंचे कारभार. घरच्या वजनकाट्यावर वासराला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा, फरक काढा. गवळाऊ या आपल्याकडच्या देशी गाईचं नवजात वासरू साधारण 20 किलोच्या आसपास भरतं, संकरित गाईचं त्याहून जड. पहिल्या आठवड्यात दिवसाचं दूध वजनाच्या एक दशांश ठेवा. 22 किलोच्या वासराला दिवसाला 2 लिटर 200 मिली. हे चार वेळांत विभागलं की दर वेळी साधारण साडेपाचशे मिली.

सकाळी एक लिटर, रात्री एक लिटर असं देऊन मधले बारा तास उपाशी ठेवलं तर भुकेलं वासरू अधाशासारखं पितं आणि पोटाला ते पेलत नाही. आठ-दहा दिवसांनी तीन वेळांवर या, मग हळूहळू दोन. थंडीच्या दिवसांत एक जास्तीची रात्रीची वेळ ठेवा.

अजून मागतं म्हणून जास्त देऊ नका. बाटली संपल्यावरही वासरू ढुशा देतच राहतं. तेव्हा रिकामं निप्पल किंवा स्वच्छ बोट थोडा वेळ चोखू द्या, ओढ शमते. नाहीतर ते दोरी चाटतं, भिंत चाटतं, माती खातं आणि हगवणीला नवं कारण मिळतं. माती खाण्याची सवय लागली असेल तर पाजल्यानंतर थोडा वेळ मुसकं बांधा.

पाचवी तपासणी: कोणतं दूध

एक दूध ठरवा आणि तेच ठेवा. आज शेजारच्या गाईचं, उद्या म्हशीचं, परवा पिशवीचं असं झालं की पोट बिघडणारच. बदलायचंच असेल तर चार-पाच दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला.

गाईच्या वासराला दुसऱ्या निरोगी गाईचं दूध सगळ्यात चांगलं. ते नसेल तर पिशवीवर काय छापलं आहे ते वाचा. डबल टोन्ड दुधात चरबी फक्त 1.5 टक्के असते, टोन्डमध्ये 3 टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये 4.5, फुल क्रीममध्ये 6. डबल टोन्डवर वासरू वाढत नाही, भुकेलं राहतं, आणि मग आपण दूध वाढवत नेतो. गाईच्या वासराला टोन्ड किंवा स्टँडर्डाइज्ड चालतं. रेडकाला फुल क्रीम द्या, म्हशीचं दूध तसंच दाट असतं. स्तनदाह झालेल्या गाईचं किंवा इंजेक्शन चालू असलेल्या गाईचं दूध, विकता येत नाही म्हणून वासराला घालू नका.

दुधात पाणी घालू नका. पाणी घातल्याने दही नीट लागत नाही आणि पोषणही कमी पडतं. साखर, गूळ तर अजिबात नको. लहान वासराच्या आतड्यात आपली साखर पचवणारा पाचक रसच नसतो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि हगवण वाढवते. तांदळाच्या पेजेचंही तसंच, पहिल्या आठवड्यांत पिष्ट पदार्थ पचवण्याची ताकद फार थोडी असते. प्रेमाने घातलेल्या गुळाच्या पाण्याने बिघडलेली वासरं मी पाहिली आहेत, म्हणून इतकं बजावून सांगतो आहे.

वासरांसाठीची दूध पावडर वापरत असाल तर पोत्यावर लिहिलेलं माप वजनकाट्यावर मोजा, मुठीने नाही. चहासाठीची पावडर यात मोडत नाही.

सहावी तपासणी: बाटली धुणं

आधी कोमट पाण्याने खंगाळा. पहिलंच पाणी कढत घेतलं तर दुधातली प्रथिनं बाटलीला चिकटून बसतात. मग गरम पाणी, साबण आणि ब्रश. निप्पल काढून, उलटं करून, आतून घासा. उलटं टांगून पूर्ण वाळवा. बाटलीच्या आत बोट फिरवल्यावर चिकट वाटलं तर तिथे जंतूंचं घर आहे. हे दर वेळी करायचं, दिवसातून एकदा नाही. वासरं दोन असतील तर बाटल्याही दोन.

सातवी तपासणी: बसायची जागा, नाळ आणि पाणी

वासरू जिथे बसतं तिथे गुडघे टेकून थोडा वेळ बसा. पॅन्ट ओली झाली तर जागा ओली आहे. मौदा-रामटेककडची धानाची तणस मिळाली तर उत्तम, मऊ असते आणि खाली थर जाड बसतो. सोयाबीनचं कुटार चालतं. तुरीचं टोचतं, आणि नाळेची जखम ओली असताना टोचणारं काही नको. थंडीत पाठीवर पोत्याची झूल बांधा, आडोसा करा, पण कोठा बंद करून कोंडू नका. मुताचा वास डोळ्यांना झोंबत असेल तर तो वासराच्या फुप्फुसालाही झोंबतो.

नाळ रोज हाताने पाहा. अंगठ्यापेक्षा जाड, गरम, दुखरी किंवा वास येणारी नाळ म्हणजे आत संसर्ग. पायाचे सांधे सुजले असतील तर तो रक्तात पसरला आहे. इथे दूध बदलून काही होणार नाही, डॉक्टरच लागेल. नवजात वासरू हाती आलं तर पहिल्याच तासात नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा.

पाणी देऊ नका, हगवण वाढेल, हा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. चौथ्या दिवसापासून स्वच्छ पाण्याची बकेट समोर असू द्या. पाणी मोठ्या पोटात जातं, ते दुधाच्या वाटेत येत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून हगवण लागलेलं वासरू एक दिवसही काढू शकत नाही.

हगवण चालू असताना काय द्यायचं

दूध पूर्ण बंद करू नका. दूध तोडलं तर वासराला ताकद कुठून येणार? नेहमीचं दूध थोड्या थोड्या प्रमाणात, जास्त वेळा द्या. आणि दोन दुधांच्या मध्ये मेडिकलमधल्या ओआरएसचं पाणी द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, ग्लुकोज असलेली पावडर घ्या, फळांच्या चवीचे तयार डबे नकोत. एक पाकीट बरोबर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात. 25 ते 30 किलोच्या वासराला दिवसातून दोन-तीन वेळा एक-एक लिटर, दुधापासून दोन तासांचं अंतर ठेवून. दुधात ओआरएस मिसळू नका, मग पोटात दुधाचं दही नीट लागत नाही.

हे सगळं निप्पलनेच, वासरू स्वतः चोखत असेल तरच. चोखत नसलेल्या वासराच्या तोंडात बाटलीने किंवा बांबूच्या नळीने ओतणं म्हणजे ते फुप्फुसात ओतणं.

माणसांची हगवण थांबवणारी गोळी देऊ नका. ती आतड्याची हालचाल थांबवते आणि जंतूंचं विष आतच राहतं. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने नको, कारण या वयातली बरीचशी हगवण विषाणूंची किंवा परजीवींची असते. दुखण्याचं इंजेक्शनही नको. पाणी कमी झालेल्या वासराच्या किडनीला ते झेपत नाही. डायक्लोफिनॅक हे दुखण्याचं औषध तर जनावरांसाठी 2006 पासून बंदच आहे, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली.

वय पाहून अंदाज

पहिल्या चार-पाच दिवसांत पाण्यासारखी हगवण लागली तर इ. कोलाय जंतूंचा संशय घेतात, आणि हे सगळ्यात वेगाने मारतं. पाच ते पंधरा दिवसांत विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला परजीवी. तीन आठवड्यांनंतर शेणात रक्त आणि कुंथणं असेल तर कॉक्सिडिया, हेही आतड्यातले परजीवी. रेडकू दोन-तीन आठवड्यांचं, पोट मोठं, शेण मातकट आणि घाण वासाचं, तर मायच्या दुधातून आलेले गोलकृमी. जंताचं औषध कोणतं आणि वजनानुसार किती, ते डॉक्टरला विचारून द्या.

या सगळ्याच्या आधीचा प्रश्न: वासराला चीक मिळाला होता का? गाईच्या गर्भात वासराला मायकडून प्रतिकारशक्ती मिळत नाही. ती फक्त चिकातून येते, आणि आतडं ती पहिल्या काही तासांतच नीट शोषतं, 24 तासांनी दार बंद. माय वितानाच मेली असेल तर शेजारच्या ताज्या व्यालेल्या गाईचा चीक मिळवा. पहिल्या दोन ते सहा तासांत वजनाच्या एक दशांश इतका. चीक न मिळालेल्या वासराच्या बाबतीत खाली सांगितलेली 24 तास वाट पाहण्याची मुभा नाही. पहिल्या पातळ शेणालाच फोन करा.

इथे थांबा आणि डॉक्टरला बोलवा

वासरू बोट चोखत नाही. उठवल्यावर उभं राहत नाही. तोंड आणि कान थंड लागतात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर दोन सेकंदांत सपाट होत नाही. डोळा आणि खोबणीत फट दिसते. गुदद्वारातलं तापमान 100 फॅरनहाइटच्या खाली किंवा 103.5 च्या वर आहे. शेणात रक्त आहे. पहाटेच्या गारव्यातही श्वास धापा टाकल्यासारखा चालतो. पोट फुगून ताणलं आहे. यातलं एक जरी असेल तर घरगुती उपाय संपले. अशा वासराला शिरेतून सलाइन लागू शकतं, आणि ते घरी देता येत नाही.

यातलं काहीच नसेल, वासरू चोखतं आहे, पण वरच्या तपासण्या करून 24 तासांत शेणात फरक नाही, तरीही फोन करा.

1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल-फ्री क्रमांक आहे. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना जवळ असेल तर आधी तिथे. वासरू गाडीत घालून आणता येत असेल तर सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावरांवर उपचार होतात. आणताना वासराला छातीवर बसवा, आडवं टाकू नका. थंडीत पोत्यात गुंडाळा आणि उन्हाळ्यात दुपार टाळा, पण चोखत नसलेल्या वासरासाठी संध्याकाळची वाट पाहू नका.

फोनवर हे तयार ठेवा: वय, वजन, चीक मिळाला का, कोणतं दूध किती, हगवण कधीपासून, तापमान, शेवटचं कधी चोखलं, आणि आतापर्यंत दिलेलं प्रत्येक औषध. माय कशाने गेली तेही सांगा. मरण्याआधी ती लाळ गाळत होती, विचित्र हंबरत होती, मागचे पाय लुळे पडले होते किंवा तिला कुत्रं चावलं होतं, तर रेबीजचा संशय धरून डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा. त्या गाईच्या तोंडात हात घातलेल्या किंवा तिचं कच्चं दूध प्यायलेल्या माणसांनी लगेच आपल्या दवाखान्यात जावं.

हगवणीच्या वासराला इतर वासरांपासून वेगळं बांधा, त्याला सगळ्यात शेवटी पाजा, आणि प्रत्येक वेळी कोपरापर्यंत साबणाने हात धुवा. क्रिप्टोस्पोरिडियम आणि साल्मोनेला हा हगवणीचा जंतू माणसांनाही लागतात. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना हे वासरू बरं होईपर्यंत पाजायला पाठवू नका.